देवाशी अबोला

३० सप्टेंबर १९९३ नंतर माझ्या मामाने देवाशी अबोला धरला. तो शेवटपर्यंत सुटला नाही.

मामा नास्तिक झाला, असं मात्र नाही. नास्तिक माझे बाबा होते. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो बराच मोठा आहे, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. देव आहे की नाही, या प्रश्नावर त्या काळात मी जमेल तेवढं वाचलं. पण त्या वाचनाला निमित्त झालं ते किल्लारीजवळच्या एका गावात, मामाच्या पडलेल्या घरासमोर. म्हणून तिथपर्यंत आधी जायला हवं.

आम्ही नांदेडचे. बाबा शाळेत मराठी शिकवत. त्यांचं स्वतःचं शिक्षण पीपल्स कॉलेजात झालं. नरहर कुरुंदकर तेव्हा तिथे शिकवत होते, पुढे तिथेच प्राचार्य झाले. कुरुंदकर उघडपणे नास्तिक; आणि तरी मनुस्मृती असो की संतवाङ्मय, धर्माची परंपरा इतक्या बारकाईने वाचणारे लोक थोडेच. १० फेब्रुवारी १९८२ ला ते गेले तेव्हा मी चार वर्षांचीही नव्हते. पण आमच्या घरात नुसतं ‘सर’ म्हटलं की ते एकच. पहाटे गुरुद्वाऱ्यातून गुरबाणीचा आवाज यायचा, त्याला बाबा ‘नांदेडचं घड्याळ’ म्हणत आणि त्या घड्याळावर उठून चहा करत. देवघर आईचं होतं. बाबा त्यातल्या समईत तेलही घालत, फक्त हात जोडत नसत.

मामा वर्षातून दोनदा तरी यायचा. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर चुकायचं नाही. रात्रीची जेवणं झाली की ओसरीवर दोघांची जुंपायची.

“दाजी, गाडगं दिसलं की कुंभार असणारच ना? मग येवढी सृष्टी काय आपोआप झाली?”

मामाला माहीत नव्हतं, पण हा युक्तिवाद त्याच्याआधी हजार वर्षं आपल्याकडे चालत आलेला होता. न्याय दर्शनातल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथच ईश्वर सिद्ध करण्यासाठी लिहिला. जे घडलेलं असतं त्याला घडवणारा असतो; पृथ्वी घडलेली आहे; म्हणून तिलाही कोणी जाणता घडवणारा असला पाहिजे. इंग्लंडात विल्यम पेलीने १८०२ मध्ये हेच मांडलं, फक्त कुंभाराच्या जागी घड्याळ बनवणारा आणला.

बाबा उत्तर देत ते कुमारिल भट्टांकडून घेतलेलं. गंमत अशी की कुमारिल वेदांचे कट्टर अभिमानी होते. मीमांसक वेद मानतात, पण जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाहीत. कुंभाराला हात असतात, शरीर असतं; तुमच्या ईश्वराला शरीर नाही, मग त्याने माती कालवली कशी? आणि त्याने हे जग दयेपोटी निर्माण केलं म्हणता, तर तेव्हा दया करायला होतं कोण? बाबा मग डेव्हिड ह्यूमवर जात. त्याचं ईश्वरविषयक संवादांचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७७९ मध्ये आलं, म्हणजे पेलीच्याही आधी. त्यातला मुद्दा असा की हे जग पाहून कर्त्याचा अंदाज बांधायचाच, तर तो एक होता कशावरून? नवशिका नव्हता कशावरून? आणि १८५९ नंतर डार्विनने दाखवून दिलं की डोळ्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट घडायला घडवणाऱ्याचा हेतू लागत नाही. पुष्कळ काळ आणि निवड एवढं पुरतं.

मामा हरायचा, पण हरल्यासारखा दिसायचा नाही. “आमचा कुंभार म्हणजे तेरचा गोरोबा, दाजी,” म्हणून हसायचा. तेर त्याच्या गावापासून फार लांब नाही. गोरा कुंभार भजनात रंगून चिखल तुडवत होते, रांगतं मूल पायाखाली आलं आणि त्यांना कळलंच नाही, ही गोष्ट आम्ही त्याच्याकडूनच ऐकली. गोष्टीच्या शेवटी विठ्ठल ते मूल परत देतो. मामा तिथे डोळे पुसायचा. बाबा म्हणायचे, “मधल्या दिवसांत त्या पोराच्या आईचं काय झालं असेल, ते कोणी सांगत नाही.”

मामाची मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी हे सगळं अर्धवट झोपेत ऐकत पडायचो. दहावी झाली की दोघींनी अकरावीला लातूरला यायचं, एका खोलीत राहायचं, असं आमचं पक्कं ठरलं होतं.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन करून लोक उशिरा घरी आले आणि गाढ झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. नांदेडला आम्ही भांड्यांच्या आवाजाने उठलो. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे १० हजार माणसं गेली.

आम्ही अहमदपूरमार्गे लातूर, तिथून औसा असे तिसऱ्या दिवशी पोहोचलो. लामजन्यापासून पुढे रस्ता गाड्यांनी भरलेला. मदतीच्या गाड्या होत्या, आणि नुसतं पाहायला आलेल्यांच्याही. गावात शिरलो तेव्हा गाव नव्हतंच. दगड आणि माती. पडलेल्या घरांच्या तुळया आणि दारं चितेला वापरलेली. पाऊस मधूनमधून येत होता. मामा एका दगडावर बसला होता. मामी आणि माझी मामेबहीण यांना आदल्या दिवशी अग्नी दिलेला होता, इतर अनेकांबरोबर, एकत्रच. मामा वाचला कारण विसर्जनाहून आल्यावर तो शेतात राखणीला गेला होता.

तिथे मामाचे एक वयस्क नातेवाईक होते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, “पापं लई वाढली होती. धरणीला भार सोसला नाई.” बाबा ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग त्यांना राहवलं नाही. ते त्या गृहस्थांना नाही, मामाला म्हणाले, “आता तरी सांग. हे करणारा दयाळू आहे का? असेल तर त्याच्या हातात काही नाही, आणि हातात असेल तर तो दयाळू नाही. तिसरं उत्तर आहे का तुझ्याकडे?”

मामाने मान वर केली. तो रडला नाही, चिडलाही नाही. “दाजी,” तो म्हणाला, “माझी लेक म्हंजे तुमचा मुद्दा नाई.” मग त्या नातेवाइकांकडे वळून म्हणाला, “आन् तुमचा बी नाई.”

परतीच्या प्रवासात बाबा एक अक्षर बोलले नाहीत.

पुढे मी एकटीच लातूरला आले. भौतिकशास्त्र शिकले, आता इथल्याच एका क्लासमध्ये तेच शिकवते. तत्त्वज्ञान मी रीतसर शिकलेले नाही. पण मामाच्या त्या वाक्याने माझ्या मागे जे लावून दिलं, त्यापायी वाचत गेले. बाबांचा प्रश्न खरोखर बिनतोड आहे का, हे मला पाहायचं होतं.

तो प्रश्न जुना आहे. ग्रीकांमध्ये तो एपिक्यूरसच्या नावावर सांगितला जातो. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांनी तो टाळलेला नाही. ईश्वरावर दोन आरोप येतात, वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, असं मान्य करूनच तिथे उत्तर दिलेलं आहे. शंकराचार्यांचं उत्तर असं की ईश्वर पावसासारखा आहे. पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो. साळ उगवावी की सातू, हे बियाण्यावर ठरतं. बियाणं म्हणजे ज्याचं त्याचं कर्म. पहिलं कर्म कुठून आलं, असं विचाराल तर संसार अनादि आहे.

हे उत्तर चतुर आहे. पण किल्लारीत उभं राहून ऐकलं की त्याचा अर्थ एवढाच उरतो: पंधरा वर्षांच्या मुलीने कधीतरी काहीतरी केलं असणार. काय केलं, ते तिला माहीत नाही, आपल्याला माहीत नाही, पण शिक्षा झाली म्हणजे गुन्हा होताच. कुठल्याही न्यायालयात असा निकाल आपण मान्य करणार नाही. शिवाय त्या पहाटे जे दिसलं ते तरी या हिशेबात कुठे बसतं? दगडी वाडे कोसळले आणि गावकुसाबाहेरच्या, हलक्या छपराच्या, कुडाच्या झोपड्या पुष्कळशा उभ्या राहिल्या. जन्माने मागच्या कर्माची पावती मिळते असं ज्यांना शतकानुशतकं ऐकवलं, त्यांचीच घरं वाचली. ती पावती त्या रात्री उलटी वाचायची का? तसं कोणी वाचलं नाही, आणि वाचूही नये.

महात्मा गांधींनीही ही चूक केली होती. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असं ते म्हणाले. हेतू चांगला होता. पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर हरकत घेतली. निसर्गाच्या घटना आणि माणसाची नीती यांची अशी सांगड घालू नका, हे त्यांचं म्हणणं. गांधींचा तर्क मान्य केला तर उद्या दुसरा कोणीही हवं ते पाप निवडून त्याच भूकंपावर चिकटवू शकतो. मामाचे ते नातेवाईक दुसरं काय करत होते?

पाश्चात्त्यांची उत्तरं वेगळी आहेत. आल्विन प्लँटिंगाने १९७४ मध्ये मांडलं की माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईट निवडण्याची मुभाही द्यावी लागते; ते दुःख ईश्वराच्या माथी मारता येत नाही. खून-दंगलींबाबत यात अर्थ आहे. पण जमिनीखालचा खडक कोणाच्या इच्छेने सरकला? जॉन हिकने १९६६ मध्ये म्हटलं की हे जग म्हणजे आत्मे घडवण्याची शाळा. दुःखाशिवाय धैर्य, करुणा यायची कुठून? मामाकडे पाहिलं तर हेही थोडं खरं वाटतं. तो पुढे फार मोठा माणूस झाला. पण त्याला घडवण्यासाठी त्याची मुलगी खर्ची पडली, असं म्हणायचं असेल, तर ती पुन्हा एकदा कोणाचा तरी मुद्दाच झाली.

राहिलं शेवटचं उत्तर, जे माझी आजी द्यायची: त्याचं त्यालाच ठाऊक. यात निदान कोणावर आरोप नाही. पण हे उत्तर सगळीकडे चालतं, हीच त्याची अडचण. काहीही झालं तरी जे डगमगत नाही, ते काही सांगतही नाही.

म्हणजे वाचून वाचून मी बाबांच्याच बाजूला आले. सर्वशक्तिमान आणि दयाळू अशा कोणाच्या देखरेखीखाली ती पहाट झाली, हे मला आजही मानता येत नाही. मग बाबांचं चुकलं काय?

लोक म्हणतील, वेळ चुकली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण तेवढंच नव्हतं. ते नातेवाईक आणि बाबा, दोघांना त्या ढिगाऱ्यात पुरावा दिसला. एकाला देवाच्या बाजूचा, दुसऱ्याला विरुद्ध बाजूचा. मामाला तिथे माणसं दिसत होती. वाद करू नये, असं मला म्हणायचं नाही. मी आज इथे तोच करते आहे. पण ज्याचं माणूस गेलं आहे त्याने स्वतःहून विचारल्याशिवाय त्या मृत्यूवर आपला युक्तिवाद उभा करायचा नाही, एवढं मी मामाकडून शिकले.

आणि मामाची स्वतःची बाजू? त्याने माळ काढून देवांबरोबर एका पत्र्याच्या पेटीत ठेवली. पंढरपूर बंद. गावात सप्ताह असला की मंडप घालायला सगळ्यांत पुढे; कीर्तन सुरू झालं की बाहेर जाऊन बसायचा. कोणी टोकलं तर म्हणायचा, “आमचं बोलणं बंद हाय.” बाबा एकदा मला खासगीत म्हणाले, “अबोला धरायला समोर कोणी असावं लागतं. म्हणजे तो अजून मानतोच.” तर्क म्हणून बरोबर. पण हा ‘मानणं’ आणि ‘न मानणं’ यांच्या पलीकडचा तिसरा पवित्रा आहे, हे मला दस्तयेवस्कीची १८८० सालची ‘करमाझोव्ह बंधू’ ही कादंबरी वाचताना उमगलं. त्यातला इव्हान देव नाही म्हणून भांडत नाही. एका लेकराच्या यातना हीच जर या जगाची किंमत असेल, तर ते मला नको, असं तो म्हणतो. मामाने रशियन कादंबरी वाचलेली नव्हती. त्याची गरजही नव्हती. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाशी भांडत आले, त्याला सुनावत आले. मराठवाड्याच्या भक्तीत भांडण्याची सोय आहे. मामा त्या परंपरेच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसला, जिथे भांडणही संपतं.

देवाशी न बोलणारा हा माणूस भिंतींबद्दल मात्र भरभरून बोलायचा. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांत त्याचंही होतं. बांधकाम चालू असताना तो इंजिनिअरांच्या मागे हिंडून सगळं विचारत राहिला. आमची जुनी घरं माळवदाची. दगडाच्या दोन-तीन फूट रुंद भिंती, पण आत-बाहेर दोन वेगळे थर आणि मध्ये माती-खडी. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड नाहीत, सिमेंट नाही. वर तुळयांवर मातीचा जाड थर, आणि गळू नये म्हणून त्यावर पुन्हा माती टाकायची पद्धत. हादरा बसला की भिंतीचे थर फुटतात आणि वरचं ओझं खाली येतं. मामा नव्या घराच्या पायथ्याला, दाराच्या वर आणि छताखाली फिरवलेले काँक्रीटचे पट्टे हाताने दाखवायचा, जणू देवळातली मूर्ती दाखवतोय. गावात देऊळ बांधायचं ठरलं तेव्हा त्याने वर्गणी दिली, पण अट घातली की भिंती या पद्धतीनेच बांधायच्या. “देव बसो न बसो,” तो म्हणाला, “मान्सं तर बसनार हाईत.”

१ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला. तोही सणाचा दिवस होता, सर्व संतांचा. चर्च भरलेली असताना छतं कोसळली. हे जग शक्य त्या सगळ्या जगांत उत्तम आहे, हा लायब्निट्सचा विचार व्होल्टेअरने त्यानंतर कवितेत आणि पुढे १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये झोडून काढला. पण रूसोने १७५६ मध्ये व्होल्टेअरला पत्र लिहून वेगळीच गोष्ट विचारली: एवढी हजारो उंच घरं तिथे एकमेकांना खेटून निसर्गाने बांधली होती का? रूसोला देवाची बाजू राखायची होती. मामाला ती राखायची नव्हती. तरी दोघांनी बोट ठेवलं ते एकाच जागी. जमीन का हलली, याचं उत्तर शास्त्राकडे आहे: भारताचा भूखंड उत्तरेकडे रेटला जातो, त्याचा ताण दख्खनच्या जुन्या खडकातही साठतो. पण आपण हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात टाकून निर्धास्त होतो. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारीला हादरे बसले होते तरी. घरं का पडली, हा प्रश्न आपल्यासाठी होता, देवासाठी नव्हता. आस्तिक-नास्तिक वादात तो विचारायचा राहून गेला.

मामा २०१९ मध्ये गेला. बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, तरी नांदेडहून आले. दहाव्याला, सगळे पांगल्यावर, ते माझ्याशी बोलले. “माझं म्हणणं आजही तेच आहे,” ते म्हणाले. “पण त्या दिवशी मी तुझ्या मामाशी बोलतच नव्हतो. मी देवाशी भांडत होतो, आणि जो माझ्या मते नाहीच त्याच्याशी भांडायला मी त्याचं अंगण वापरलं.” हे त्यांनी मामाला कधी सांगितलं का, मी विचारलं. नाही म्हणाले. दोघं पंचवीस वर्षं भेटत राहिले, पीकपाण्याचं बोलत राहिले. ओसरीवरचा वाद पुन्हा कधी झाला नाही. मला वाटतं, बाबांना त्याचीच सगळ्यांत जास्त खंत होती.

ती पत्र्याची पेटी आता लातूरला माझ्याकडे आहे. आई म्हणते, देव उघडे करून देवघरात मांड. बाबा म्हणतात, तुझ्या मनाला येईल ते कर. मी पेटी उघडलेली नाही. अबोला मामाचा होता. तो सोडवायचा किंवा पुढे चालवायचा अधिकार मला नाही.

परीक्षेच्या आधी आमच्या क्लासची मुलं सिद्धेश्वराला जाऊन येतात, कपाळाला गंध लावून वर्गात बसतात. अधूनमधून एखादी मुलगी विचारते, “मॅडम, तुम्ही देव मानता का?” मी नाही म्हणते, आणि कारण विचारलं तर वर लिहिलेले युक्तिवाद दोन्ही बाजूंनी सांगते, जेवढे जमतील तेवढे प्रामाणिकपणे. पण त्याआधी तिचं गाव कोणतं, ते विचारून घेते.